चेंडू तुमच्या वाट्याला किती येतो?

आज सुरुवातीलाच एक गणित घालतो. फुटबॉलचा पुरा सामना ९० मिनिटांचा असतो. मैदानावर दोन्ही संघांचे मिळून २२ खेळाडू असतात आणि चेंडू मात्र एकच. तर प्रत्येक खेळाडूच्या पायाशी चेंडू किती वेळ राहील?

तुम्ही चटकन ९० ला २२ ने भागाल आणि ‘चार मिनिटे’ असे उत्तर द्याल. पण थोडे थांबा. चेंडू रेषेबाहेर जातो, कोणीतरी तो आणायला धावतो, पंच शिट्टी फुंकतात, कोणी पडतो, कोणी वाद घालतो. हा सगळा वेळ वजा केला, तर मोठमोठ्या सामन्यांतसुद्धा चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारणपणे ५५ ते ६० मिनिटेच. त्यातलाही बराच काळ तो एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जाण्याच्या वाटेवर असतो. तेव्हा तो कोणाचाच नसतो. म्हणजे ज्यांना पाहून आपण टाळ्या पिटतो, ते नामवंत खेळाडूही दीड तासात जेमतेम एक-दोन मिनिटेच चेंडूचे धनी असतात. बाकीचा वेळ ते धावतात, थांबतात, पाहतात, जागा धरतात. त्यांना ते परवडते, कारण चेंडू कसा आवरायचा हे ते केव्हाच शिकून चुकलेले असतात.

आता हेच गणित शाळेच्या खेळाच्या तासाला लावा. तास ३५ मिनिटांचा. वर्गातून मैदानावर जाण्यात आणि संघ पाडण्यात दहा मिनिटे गेली, उरली २५. वर्गात मुले ४०. त्यांतली २२ खेळणार आणि १८ कडेला बसून राहणार. खेळणाऱ्यांच्या वाट्याला माणशी सव्वा मिनिटसुद्धा येत नाही, आणि चेंडूचा वाटेवरचा वेळ वजा केला तर त्याच्या निम्मेच. शिवाय ही झाली सरासरी, आणि सरासरी मोठी फसवी असते. पाताळगंगेचे पाणी सरासरी कमरेइतके आहे असे कोणी सांगितले, म्हणून कोणी डोळे मिटून डोहात उतरत नाही. प्रत्येक वर्गात तीन-चार मुले अंगाने दांडगी असतात. चेंडू त्यांच्याकडेच राहतो. उरलेल्यांत एखादा असा असतो की, तास संपेपर्यंत त्याच्या पायाला चेंडू एकदाही लागत नाही. तो मागे गोलापाशी उभा केलेला असतो. महिनाभर असे झाले की, तो आपल्या मनाशी ठरवून टाकतो, ‘आपल्याला काही फुटबॉल येत नाही.’ खरे तर त्याला येतो की नाही, हे कोणी तपासलेलेच नसते! प्रयोगशाळेत एका मुलाने परीक्षानळी हातात धरायची आणि एकवीस जणांनी लांबून पाहायचे, असे झाले तर आपण त्याला प्रयोग म्हणू काय?

माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. बारा वर्षांखालील मुलामुलींनी अकरा-अकरांचा फुटबॉल खेळूच नये. त्यांनी चार-चार, पाच-पाच जणांचे छोटे सामने खेळावेत. मैदान लहान, गोल लहान, चेंडूही लहान. हे मत मोठ्या शहरांतील शाळांपेक्षाही मोहोपाड्यासारख्या गावातील शाळांना अधिक लागू आहे. का, ते पाहू.

मोहोपाडा हे खालापूर तालुक्यातले, रसायनीच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेले गाव. १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि रसायनीला तिचा कारखाना उभा राहिला. मागोमाग वसाहती आल्या, बाजारपेठ आली, दुकाने आली. भोवती मात्र भातशेती, आणि पावसाळ्यात चार महिने धो धो पाऊस. अशा ठिकाणी सपाट, मोकळी जागा किती मोलाची असते, ते तिथल्या मुलांना सांगायला नको.

फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. गुणाकार केला तर ७१४० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा हे मैदान झाले ७० गुंठ्यांचे, म्हणजे पावणेदोन एकरांचे. एवढी सपाट जमीन शाळेने आणायची कुठून? आता चार-चार जणांच्या खेळाला ३० मीटर बाय २० मीटर इतकी जागा पुरते. ती झाली सहा गुंठे, म्हणजे भाताचे एक बेताचे खाचर. ज्या शाळेकडे मोठे मैदान आहे, तिथे तर आणखीच मजा आहे. १०५ मीटरच्या बाजूवर २० मीटरचे पाच तुकडे आणि ६८ मीटरच्या बाजूवर ३० मीटरचे दोन तुकडे पाडा. मध्ये ये-जा करायला थोडी थोडी जागा सोडूनही दहा छोटी मैदाने तयार होतात. जिथे २२ मुले खेळत होती, तिथे एकाच वेळी ८० मुले खेळतील! कडेला बसणारा कोणी राहणारच नाही.

पण जागेची बचत हा काही मुख्य मुद्दा नव्हे. मुख्य मुद्दा मापाचा आहे. कपडे आपण अंगाच्या मापाने शिवतो, वहाणा पायाच्या मापाने घेतो. रायगड जिल्हा कबड्डीवेडा; तेव्हा तिथल्या मुलांना हे चांगले ठाऊक असेल की, पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते, तर महिलांसाठी ते १२ मीटर बाय ८ मीटर केले जाते, आणि किशोरांसाठी त्याहूनही लहान. आपल्या मातीतल्या खेळाने हा विचार केला आहे. मग फुटबॉलच्या बाबतीतच आपण दहा वर्षांच्या मुलाला बापाचा सदरा का घालतो?

गोलाचेच पाहा. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. दहा वर्षांचा मुलगा असतो सुमारे साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर. हात वर केले तर त्याची बोटे १.७० मीटरपर्यंत पोहोचतील. उडी मारली तर आणखी वीस-पंचवीस सेंटिमीटर. तरीही आडव्या दांडीच्या खाली अर्धा मीटर जागा मोकळी राहतेच! या गोलरक्षकाने कितीही जीव तोडला, तरी त्याच्या डोक्यावरून गेलेला चेंडू अडणे शक्य नाही. त्याचे नुकसान तर उघडच आहे. परंतु समोरच्याचे नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही. तो शिकतो काय, तर चेंडू उंच उडवला की गोल होतो. ही युक्ती त्याला सोळाव्या वर्षी मुळीच उपयोगी पडत नाही, कारण तेव्हा समोरचा गोलरक्षकही वाढलेला असतो.

चेंडूचेही तेच. मोठ्यांच्या सामन्यातला पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. ७० किलो वजनाच्या माणसाला तो काहीच नाही. तुमचे वजन ३० किलो असेल, तर त्याच प्रमाणात त्या माणसाला एक किलोचा चेंडू द्यावा लागेल. त्रैराशिक मांडून पाहा. असा चेंडू दिवसभर लाथाडायला सांगितला, तर मोठी माणसे दुसऱ्या दिवशी लंगडतच घरी बसतील. म्हणून तीन आणि चार नंबरचे हलके, लहान चेंडू असतात. दुकानात ते मिळतात. आपण मागत नाही, एवढेच.

आता जरा डोक्याकडे वळू, कारण फुटबॉल पायांनी खेळला जात असला तरी तो चालतो डोक्याने. सहा-सात वर्षांच्या मुलांचा सामना तुम्ही पाहिला आहे का? चेंडू जिथे, तिथे सगळी मुले. मोहोळ उठल्यावर माश्यांचा घोळका जावा, तसा तो घोळका इकडून तिकडे जात असतो. कडेला उभे असलेले पालक ओरडतात, ‘अरे, पसरा, पसरा!’ त्यात मुलांचा दोष नाही. ‘मी आणि चेंडू’ यापलीकडचा तिसरा विचार त्या वयात डोक्यात मावतच नाही. चार जणांच्या संघात पास देण्याच्या जोड्या किती होतात? सहा. तीन-तीन खेळाडूंचे त्रिकोण? चार. एवढे एखादे नऊ-दहा वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणू शकते: एक साथीदार पुढे, एक डावीकडे, एक उजवीकडे. आता अकरा जणांचा हिशेब करा. जोड्या ५५ आणि त्रिकोण १६५! वरच्या वर्गातल्या मुलांनी हे आकडे संचयाच्या सूत्राने पडताळून पाहावेत. एवढ्या जाळ्यातून वाट काढण्याऐवजी लहान मूल सोपा मार्ग पत्करते: चेंडू आला की डोळे मिटून लांब मारायचा. आणि मग आम्ही म्हणतो की, आपल्या मुलांना पास देता येत नाहीत.

कोणतीही गोष्ट शिकताना मेंदू एक साखळी पुन्हा पुन्हा फिरवत असतो. पाहणे, ठरवणे, करणे आणि जे झाले त्यावरून पुढच्या वेळी सुधारणे. सायकल तुम्ही अशीच शिकलात. साखळीचे फेरे जितके अधिक, तितके शिकणे पक्के. छोट्या सामन्यात हे फेरे वाढतात, यातच त्याचे सारे मर्म आहे. मँचेस्टर युनायटेड या प्रसिद्ध इंग्लिश क्लबने २००२-०३ च्या हंगामात आपल्या नऊ वर्षांखालील मुलांना आठ-आठऐवजी चार-चार जणांचे सामने खेळायला लावले आणि तेथील विद्यापीठातील अभ्यासकांकडून मोजणी करून घेतली. पास १३५ टक्क्यांनी अधिक भरले, गोलावर मारलेले फटके २६० टक्क्यांनी, समोरासमोरच्या झुंजी २२५ टक्क्यांनी आणि गोल तर ५०० टक्क्यांनी. (५०० टक्के अधिक म्हणजे पाचपट नव्हे, सहापट. इथे भलेभले चुकतात.) ती मुले निवडलेली होती, त्यांचे मैदान हिरवळीचे होते, हे खरे. आपल्याकडे आकडे वेगळे येतील. पण ते उलट्या दिशेने जातील असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

ही कल्पना काही नवी नाही. १९३० साली उरुग्वे देशाच्या राजधानीत, माँटेव्हिडिओत, हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकाने बास्केटबॉलच्या मैदानात मावेल असा पाच-पाच जणांचा फुटबॉल तयार केला. त्यातूनच आजचा फुटसाल जन्मला. ब्राझीलमध्ये तो घरोघर पोहोचला. खुद्द पेले लहानपणी तो खेळत असत. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ साली ठराव करून सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी पाच-पाच, नऊ-दहासाठी सात-सात आणि अकरा-बारासाठी नऊ-नऊ जणांचे सामने ठरवून दिले. जर्मनी तर २०२४-२५ च्या हंगामापासून अगदी लहान मुलांना दोन-दोन, तीन-तीन जणांतच आणि चार छोट्या गोलांवर खेळवते. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली, तीही कमी खेळाडूंचीच.

महाराष्ट्रातले उदाहरण हवे असेल, तर नागपूरचे घ्या. तेथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. २०२२ साली आलेला ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्याच कार्यावर बेतलेला आहे. तेथून पुढे जे खेळाडू बेघरांच्या जागतिक स्पर्धेला गेले, ती स्पर्धा चार-चार जणांची असते आणि तिचे मैदान फक्त २२ मीटर बाय १६ मीटर, म्हणजे साडेतीन गुंठ्यांचे! जागा नाही, बूट नाहीत, पुरेशी मुले नाहीत, यांपैकी एकही सबब त्या खेळाला आड येत नाही.

मग आमच्याकडे अडते कुठे? १५ सप्टेंबर २०१७ हा दिवस तुमच्यापैकी मोठ्यांना आठवत असेल. सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात होणार होती, आणि त्या निमित्ताने महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा संकल्प झाला. अनेक शाळांना चेंडूही मिळाले. पुढच्याच महिन्यात नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, मोहोपाड्याहून पनवेलमार्गे जाऊन यावे इतक्या अंतरावर, स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०२२ मध्ये त्याच स्टेडियमवर मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. उत्साहाला तोटा नव्हता. पण एका दिवसाचा उत्सव निराळा आणि आठवड्याचे दोन तास निराळे.

क्रीडाशिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ‘स्पर्धा अकरा जणांची आहे, म्हणून मला अकराच तयार करावे लागतात.’ यात तथ्य आहे. १९६० पासून चालत आलेला सुब्रतो चषक असो की शाळाशाळांतील सामने, मुलांना शेवटी अकरांच्याच संघात उतरायचे असते, आणि शाळेला ढाल हवी असते. म्हणूनच मला वाटते, तालुका पातळीवरच्या सर्वांत लहान गटाचे सामने तरी सात-सात जणांचे करावेत आणि एका शाळेला दोन-तीन संघ उतरवू द्यावेत. स्पर्धेचा नियम बदलला की सराव आपोआप बदलतो. नुसता उपदेश करून तो बदलत नाही.

दुसरा आक्षेप असा की, छोट्या मैदानावर लांब धाव घ्यायला मिळत नाही. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. तीस मीटरच्या मैदानात कोणी पुरा वेग पकडू लागला की रेषा येते. लांब पास, बाजूने पल्लेदार धाव, मोठ्या गोलाची राखण, हे सारे मोठ्या मैदानावरच यायचे. तेरा-चौदाव्या वर्षी ते जरूर शिकवावे. दमाची काळजी मात्र करू नये. छोट्या सामन्यात थांबायला सवडच नसते. खेळाडूंच्या नाडीचे ठोके त्यांच्या कमाल मर्यादेच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत चढतात, असे मोजणीत आढळले आहे.

आणि पाच सामन्यांना पाच पंच आणायचे कोठून? याचे उत्तर तुमच्याच गल्लीत आहे. जागा अरुंद म्हणून ‘एक टप्पा आऊट’ हा नियम क्रिकेटच्या कोणत्या मंडळाने केला? मुलांनीच केला, आणि पंचावाचून पाळलाही. अडचण आहे ती चेंडूंची. चाळीस मुलांना पाच चेंडू हवेत. हा खर्च खरा आहे, आणि तो शाळेने करावा. एक महागडा चेंडू कपाटात जपून ठेवण्यापेक्षा चार नंबरचे पाच रबरी चेंडू झिजलेले बरे. गोलाला दप्तरे आणि विटा चालतात.

या मताचा फायदा सर्वांत जास्त कोणाला होईल, असे मला कोणी विचारले तर मी मुलींकडे बोट दाखवीन. अकरा-अकरांच्या मिश्र खेळात त्यांना कडेला ढकलणे फार सोपे असते. चार जणांत एकालाही वगळून खेळ चालत नाही.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. पाऊस संपून कापणी झाली की खाचरे मोकळी होतात. (काही शेतकरी ओलीवर लगेच वाल पेरतात, म्हणून आधी विचारा, आणि धसकटे पायांना लागतात, तेव्हा ती काढून घ्या.) बावीस जण जमवा. एके दिवशी शाळेच्या मैदानावर अकरा-अकरांचा वीस मिनिटांचा सामना खेळा. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच सोळा जणांचे चार-चारांचे दोन सामने, तेही वीस मिनिटांचेच, शेजारशेजारच्या दोन खाचरांत लावा. उरलेल्या सहा जणांना नोंदीला बसवा. पहिल्या दिवसाच्या नोंदीसाठी धाकट्या भावंडांना बोलवा. प्रत्येक नोंद करणाऱ्याने दोन-तीन खेळाडूंवरच नजर ठेवायची आणि चेंडूला पाय लागला की वहीत एक उभी रेघ ओढायची. पाचवी रेघ आडवी. सामना संपताच प्रत्येकाने मनगटावरची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावी. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडा आणि क्रीडाशिक्षकांना दाखवा. सरासरी नंतर काढा. आधी प्रत्येक दिवसाचा सर्वांत लहान आकडा कोणता आहे आणि तो कोणाच्या नावापुढे आहे, ते पाहा.